एका गाभ्याची संहिता : माहिती शोधण्याविषयी काही विचार



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गणिताच्या सरांचा मी अत्यंत सामान्य विद्यार्थी होतो. उत्तर बरोबर आले तरी सर लगेच वहीवर खूण करीत नसत. आधी विचारीत, “हे कुठून आणलेस?” शेजाऱ्याच्या वहीतून आणलेले उत्तर बरोबर असले तरी त्यांच्या लेखी ते चूकच. पुढे मी मराठीचे अध्यापन केले, जुन्या हस्तलिखितांच्या पाठांमध्ये डोके घातले, आणि सरांचा तो एकच प्रश्न मला आयुष्यभर पुरला. आज त्याच प्रश्नाचा हात धरून मी एका परक्या प्रांतात, म्हणजे संगणकाच्या प्रांतात, शिरणार आहे. मराठीच्या माणसाने हे धाडस का करावे, ते पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी इंदूरला अभियांत्रिकीच्या वर्गात शिकणारा माझा नातू एका संध्याकाळी तीन कागद घेऊन माझ्याकडे आला. संशोधनासाठी तयार झालेल्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलविषयी त्याला निबंध लिहायचा होता आणि त्याने युनिक्स हा विषय घेतला होता.

“आबा, तीन ठिकाणची माहिती मिळाली. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे, म्हणजे ती खरी असणार ना?”

मी तिन्ही कागद वाचले. विषय कळला नाही. परंतु वाक्यांचा क्रम एक, उदाहरणे एक आणि एका प्रसिद्ध नावाच्या लेखनातली चूकही तिन्ही ठिकाणी एकच, हे मात्र दिसले. मी म्हणालो, “बाळ, हे तीन साक्षीदार नव्हेत. हा एकच साक्षीदार तीन अंगरखे घालून आला आहे.” पाठचिकित्सेचा हा पहिला धडा. दोन प्रती बरोबर मजकुरात जुळल्या तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. त्या एकाच चुकीत जुळल्या, तर त्यांची आई एक. त्या तिन्ही कागदांत असेही म्हटले होते की, युनिक्सचा कर्नल प्रारंभापासून सी या भाषेत लिहिलेला होता. ही चूक आहे, हे आम्हां दोघांना पुढे काही आठवड्यांनी कळले. ते कसे कळले, तोच माझा आजचा विषय.

गाभा म्हणजे काय

संगणकात गणन करणारे भाग मोजकेच असतात, स्मृती मर्यादित असते, चकतीवरची जागाही मर्यादित असते. आणि तिच्यावर हक्क सांगणारे कार्यक्रम मात्र अनेक. कोणाला किती वेळ द्यावा, कोणाला कुठे बसवावे, कोणाच्या कागदपत्रांना दुसऱ्याने हात लावू नये, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरविणारी यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा सर्वांत आतला, यंत्र चालू असेपर्यंत स्मृतीत ठाण मांडून राहणारा भाग म्हणजे कर्नल. मी त्याला गाभा म्हणतो. मोठ्या वाड्यात कोठीच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असत; घरातल्या कोणालाही धान्य हवे झाले तर त्याने कारभाऱ्याकडे मागावे, स्वतः कोठीत शिरू नये. तसेच येथे आहे. कोणताही कार्यक्रम चकतीला परस्पर हात लावू शकत नाही. तो गाभ्याकडे विनंती करतो, गाभा त्याचा अधिकार तपासतो आणि मग वस्तू काढून देतो.

विक्रीसाठी केलेल्या गाभ्याबरोबर माहितीपत्रके येतात. संशोधनासाठी केलेल्या गाभ्याचे तसे नसते. तो आठवड्या-आठवड्याला बदलतो. त्याची बरीचशी माहिती कर्त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या फळ्यावर असते. कर्ते पांगले की ती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून अशा गाभ्याविषयी माहिती शोधणे हे जुन्या ग्रंथाचा पाठ शोधण्यासारखेच काम आहे.

युनिक्सचा जन्म

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही दूरध्वनी कंपनीची संशोधनसंस्था होती. मल्टिक्स नावाच्या एका महत्त्वाकांक्षी प्रकल्पात ती एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह सहभागी होती. १९६९ साली तिने अंग काढून घेतले. त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्प्सन यांनी फारसा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर स्वतःपुरती एक सुटसुटीत प्रणाली लिहिली. डेनिस रिची आणि इतर सहकारी तिच्यात सामील झाले. तीच युनिक्स. ती प्रथम यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. रिची यांनी सी भाषा घडविली आणि १९७३ साली गाभा त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. तेव्हा माझ्या नातवाच्या त्या तीन कागदांनी युनिक्सच्या आयुष्यातली पहिली चार वर्षेच पुसून टाकली होती.

आणखी एक गोष्ट मला, पुस्तकांच्या माणसाला, विशेष भावली. या प्रणालीच्या अवस्था ज्या नावांनी ओळखल्या जातात, ती नावे प्रणालीची नसून तिच्या माहितीपुस्तिकेच्या आवृत्त्यांची आहेत. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ची, सहावी १९७५ची, सातवी १९७९ची. ग्रंथाच्या आवृत्तीवरून यंत्राच्या अवस्थेला नाव मिळावे, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

ही प्रणाली विद्यापीठांत पसरली याचे एक कारण कायद्यात आहे. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीला दुसऱ्या धंद्यात उतरण्याची मोकळीक नव्हती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, मूळ संहितेसह, चुंबकीय फितीवर दिली जाई. मात्र मदत मिळणार नाही आणि चुकांची दुरुस्तीही मिळणार नाही, ही अट. परिणामी घेणाऱ्यांना एकमेकांना धरून राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

साक्षीदारांची पायरी

आता माझ्या नातवाचा प्रश्न : माहिती कुठे शोधायची? आम्ही दोघांनी साक्षीदारांच्या पायऱ्या लावल्या.

पहिली पायरी कर्त्यांच्या स्वतःच्या निबंधाची. रिची आणि थॉम्प्सन यांचा युनिक्सवरील निबंध जुलै १९७४ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. त्यातून प्रणालीमागचा विचार कळतो. आतले चक्र कसे फिरते, ते पूर्णपणे कळत नाही.

दुसरी पायरी माहितीपुस्तिकेची. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाखाली ‘दोष’ या मथळ्याचे एक कलम असे आणि त्यात कर्ते आपल्या कामातल्या उणिवा स्वतःच नोंदवीत. आपल्या प्रबंधांतून हे कलम सुरू झाले तर मार्गदर्शकांची केवढी सोय होईल!

तिसरी पायरी मूळ संहितेची. संहिता म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. यंत्रासाठी त्याचे जे आकड्यांत रूपांतर होते, ते आपल्या दृष्टीने किल्लीवाचूनची सकळ लिपी. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके आपल्यासमोर होते. परंतु लिपीची किल्ली हाती नसल्यामुळे पंथाबाहेरच्या माणसाला ते असून नसल्यासारखे होते.

संहिता पाहिली की सांगीवांगीची गरज कशी संपते, त्याचे एक उदाहरण देतो. जुन्या युनिक्समध्ये कागदपत्राचे, म्हणजे फाइलचे, नाव चौदा अक्षरांहून मोठे ठेवता येत नसे. असे का? सारांश देणारे लेख फक्त मर्यादा सांगतात. संहिता कारण दाखविते. फाइलचे नाव फाइलमध्ये नसतेच. ते एका यादीत असते आणि त्या यादीतील प्रत्येक नोंदीला सोळा घरे दिलेली असतात. त्यांपैकी दोन घरे फाइलच्या क्रमांकासाठी. उरली चौदा, ती नावासाठी. ग्रंथालयात पुस्तक दाखल-क्रमांकाने ओळखले जाते आणि नाव तालिकापत्रावर असते, तसेच हे. म्हणूनच एका फाइलला दोन नावेही असू शकतात : पत्रे दोन, पुस्तक एक. त्याचप्रमाणे सहाव्या आवृत्तीत एका वेळी पन्नासांहून अधिक कामे का चालू शकत नाहीत, याचेही उत्तर एका ओळीत आहे. कामांच्या तक्त्यात घरेच पन्नास. माझा नातू त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिला. “हे कुठून आणलेस?” या प्रश्नाला आता त्याच्याजवळ उत्तर होते.

भाष्यकार

परंतु संहिता समोर असली म्हणजे ती उलगडतेच असे नाही. चौथी पायरी भाष्याची. आणि येथे मला ज्या अध्यापकाविषयी सांगायचे आहे तो येतो.

जॉन लायन्स हे ऑस्ट्रेलियात सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवीत. त्यांची तक्रार अशी की, विद्यार्थी स्वतः लहान लहान कार्यक्रम लिहितात, पण दुसऱ्याने लिहिलेले मोठे आणि चांगले काम कधी वाचतच नाहीत. भाषेच्या अध्यापकाला हे ऐकून गहिवर यावा! उत्तम गद्य न वाचता गद्य लिहू पाहणारे विद्यार्थी मीही पुष्कळ पाहिले आहेत. लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीचा गाभा अध्यापनासाठी घेतला. सुमारे नऊ हजार ओळींची संहिता त्यांनी विषयवार लावली, ओळीओळीला क्रमांक दिले आणि तिच्यावर प्रकरणवार भाष्य लिहिले. संहितेचा एक खंड, भाष्याचा दुसरा. एका व्यक्तीला संपूर्ण समजून घेता येईल अशा कामाचा हा आकार जवळजवळ मर्यादेचाच आहे, हे त्यांनी ओळखले होते. दोन्ही खंड विद्यार्थ्याच्या पिशवीत सहज मावत.

आपल्या भाष्यपरंपरेशी याचे साम्य उघड आहे. मूळ डाव्या हाताला, टीका उजव्या हाताला. क्रमांकाने दोन्ही बांधलेले. लायन्स यांचे भाष्य भाबडे नाही. एखादी रचना अवघड असेल तर ते वाचकाला थांबून पुन्हा पाहायला सांगतात आणि जेथे कर्त्यांचे काम त्यांना पटत नाही, तेथे तसे नोंदवितात.

यानंतर जे घडले, ते सर्वच अध्यापकांनी लक्षात ठेवावे असे आहे. काही काळ परवाना असलेल्या संस्थांना हे खंड मिळत होते. १९७९ साली सातव्या आवृत्तीबरोबर नवा परवाना आला आणि त्याने संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. युनिक्सला बाजारात किंमत येऊ लागली होती आणि किंमत आलेल्या वस्तूची कोठी बंद होते. भाष्य छापून प्रसिद्ध करण्याचा मार्ग खुंटला. मग ते हातोहात फिरू लागले. प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून पुन्हा झेरॉक्स. अक्षरे पुसट होत गेली, कडा काळ्या पडत गेल्या, तरी वाचणारे वाचत राहिले. एका पिढीने गाभा म्हणजे काय हे या चोरट्या प्रतींवरून शिकून घेतले.

मनाईचा दुसराही एक परिणाम झाला. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी ‘शिकवायला बंदी, तर शिकविण्याजोगा गाभा मीच लिहितो’ अशा निश्चयाने मिनिक्स नावाची प्रणाली लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. ते पुस्तक वाचून आणि ती प्रणाली वापरून हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. आज आपल्या खिशातल्या अनेक मोबाईल फोनांत लिनक्सचाच गाभा आहे.

लायन्स यांचे भाष्य १९९६ साली रीतसर ग्रंथरूपाने बाहेर आले. ते त्यांना पाहायला मिळाले; १९९८च्या डिसेंबरमध्ये ते निवर्तले. २००२ साली जुन्या युनिक्सच्या संहिताही मोकळ्या परवान्यावर खुल्या झाल्या. एमआयटीत २००६ पासून सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर नव्याने लिहिलेला एक्सव्ही-६ नावाचा लहान गाभा शिकविला जातो आणि मुंबईच्या आयआयटीतही तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला आहे. वर्गातून हद्दपार झालेली संहिता अशी नव्या रूपाने वर्गात परतली.

समासातली टीप

या संहितेत एक टीप आहे. लायन्स यांच्या क्रमांकनात ती २२३८व्या ओळीला येते. एक काम थांबवून दुसरे सुरू करण्याच्या नाजूक जागी कर्त्यांनी बाजूस लिहून ठेवले आहे की, हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही. संगणकाच्या जगात ही टीप एवढी गाजली की, तिच्यात अनेकांना उद्धटपणा दिसला.

त्या जागी काय चालते? थांबविलेले काम पुन्हा सुरू करायचे तर ते कुठे थांबले होते याची खूण हवी. वाचता वाचता पोथीत मोरपीस ठेवतो तशी. पण स्मृतीत जागा नसेल तर थांबलेले काम चकतीवर हलवावे लागे आणि अशा कामासाठी गाभा दुसरी, वेगळी खूण ठेवी. परत येताना ही दुसरी खूण वापरली की, काम गेले एका दाराने आणि परतले दुसऱ्याच दाराने, असा चमत्कार होई. रिची यांनी पुढे स्वतः खुलासा केला की, ‘हा भाग परीक्षेला नाही’ एवढाच त्या टिपेचा भाव होता. आणि खरी अडचण अशी की, तिथे नेमके काय चालले आहे ते आम्हांलाही नीट समजलेले नव्हते. सातव्या आवृत्तीत तो भाग बदलला गेला.

टीप गाळून केवळ संहिता उतरवणाऱ्याने यंत्राचे काही बिघडवले नसते. कार्यक्रम तसाच चालला असता. परंतु कर्ते इथे अडखळले होते ही माहिती कायमची गेली असती. हे मी अनुभवाने सांगतो. तरुणपणी येथल्याच एका जुन्या मराठी घराण्याने मोठ्या विश्वासाने मला एक पोथी दिली होती. तिच्या समासात दोन वेगळ्या हातांनी पाठभेद आणि शंका लिहिलेल्या होत्या. पाने सुटी होत होती, म्हणून मी ती बांधायला दिली आणि समासाविषयी सूचना द्यायला विसरलो. बांधणाऱ्याने रिवाजाप्रमाणे कडा कापून पोथी सुबक करून दिली. मूळ मजकूर अक्षरनअक्षर शाबूत होता. त्यावर विचार करणारी दोन माणसे मात्र त्या कातरणांबरोबर केरात गेली. बांधणाऱ्याचा दोष नव्हता. दोष माझा होता. त्या घरी पोथी परत करताना मी तो बोललो नाही, आज बोलतो आहे.

पुन्हा चालविणे

शेवटची पायरी प्रत्यक्ष चालवून पाहण्याची. ऑस्ट्रेलियातील वॉरन टूमी आणि त्यांच्या स्वयंसेवक मित्रांनी जुन्या युनिक्सच्या फिती आणि कागद वर्षानुवर्षे गोळा केले आहेत. पहिल्या आवृत्तीचा गाभा फितीवर उरलेला नव्हता. १९७२ सालची त्याची एक छापील प्रत तेवढी शिल्लक होती. २००८ साली या मंडळींनी तिची पाने संगणकात उतरवून घेतली, अक्षरांच्या चुका एकमेकांकडून तपासून दुरुस्त केल्या आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या कार्यक्रमावर तो गाभा पुन्हा चालविला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की, येथे पाठ चुकला तर यंत्र चालतच नाही.

२०२५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात सामानाची एक खोली आवरताना चौथ्या आवृत्तीची फीत सापडली. ही आवृत्ती १९७३ची, म्हणजे गाभा सी भाषेत आला त्या वेळची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात ती वाचली गेली. कधीतरी कोणीतरी तिच्यावर नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती, म्हणून ती ओळखू आली.

माझ्या नातवाचा निबंध अखेर ठरल्यापेक्षा लहान झाला. कारण ज्या विधानाचा उगम सापडला नाही, ते त्याने काढून टाकले. गुणही मध्यमच मिळाले. त्याने त्याची खंत केली नाही.

जाता जाता आपल्या शाळेविषयी एक विनंती. सर भूमिती शिकविताना फळ्यावर स्वतःच्या पद्धतीने सिद्धता मांडीत आणि त्या आम्ही वह्यांत उतरवून घेत. सरांनी पुस्तक लिहिले नाही. शाळेच्या कपाटात त्या सिद्धतांचा एकही कागद नाही, हे मी गेल्या महिन्यात येऊन पाहिले. त्या जर कुठे असतील तर आपल्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, वाळवीच्या वाटेवर आहेत. कृपा करून शोधा. वही सापडली तर ती शाळेत आणा; एकाच सिद्धतेच्या दोन वह्या मिळाल्या तर दोन्ही आणा, त्या ताडून पाहता येतील. सरांनी तांबड्या शाईने काही लिहिले असेल तर ते पान आधी आणा. आणि वही बांधून, कडा कापून, सुबक करून आणू नका. जशी असेल तशी आणा.